बाप्तिस्म्यात राहून गेलेला हात

माझ्या नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याचा उजवा हात पाण्याबाहेर राहिला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या हाताने घातला, आणि ऐकणारे मला मध्येच अडवून विचारतात की म्हणजे नक्की किती हात. कोपराच्या पुढचा. कोपर बुडालं होतं, त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही.

खरं म्हणजे हितेंद्रला बाप्तिस्मा घ्यायची गरजच नव्हती. त्याचा एकदा झाला होता. परळच्या आमच्या जुन्या मराठी चर्चमध्ये, तो अंगठा चोखायच्या वयात असताना, कुशाबा आजोबांनी त्याला उजव्या हातावर निजवून बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडापाशी नेलं आणि तेव्हाच्या पाळकांनी ओंजळभर पाणी त्याच्या टाळूवर सोडलं. आमच्याकडची रीतच तशी आहे. मूल आईने न्यायचं नाही, बापाने न्यायचं, उजव्या हातावर, आणि पाळकांनी विचारलं की नेणाऱ्यानेच त्याचं नाव मोठ्याने सांगायचं. हितेंद्रचे वडील तो जन्मायच्या आधीच गेले, म्हणून आजोबांनी नेलं. पुढे आईही गेली, तेव्हा वाढवलंही आजोबांनीच, गिरणीतली पाळी सांभाळून.

हितेंद्र शिवडीला एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतो. तिथल्या कुणीतरी त्याला वडाळ्याच्या एका प्रार्थनेला नेलं. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल, समोर कीबोर्ड आणि ड्रम, आणि पास्टर स्वप्नील. पास्टर पूर्वी दादरला पोहायला शिकवायचे, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नाही. हितेंद्र रविवारचा तिकडे जायला लागला. मी अडवलं नाही, कारण तिकडे गेल्यापासून त्याने सिगारेट सोडली होती. नवऱ्याची सिगारेट सुटत असेल तर बाई कीबोर्डही सहन करते.

पण एक दिवस तो घरी आला आणि म्हणाला, "माझा बाप्तिस्मा झालेलाच नाही."

"मग आजोबांनी तुला कुठे नेलं होतं? बाजारात?"

"डोकं ओलं केलं, मेघना. बाप्तिस्मा म्हणजे अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. आणि आधी त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला पाहिजे. तान्ह्या पोराला काय कबूल करता येतं?"

मी परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. त्याला म्हटलं, आमच्याकडे बोटाच्या टोकातून एक थेंब घेतात आणि अख्ख्या माणसाचा रिपोर्ट देतात. कुणी बादलीभर रक्त मागत नाही. एक थेंब सगळ्याला पुरतो. यावर तो हसला आणि पास्टरना विचारून सांगतो म्हणाला. माझ्या बोलण्याला उत्तर द्यायला माझा नवरा वडाळ्याला जाणार, हे मला मुळीच आवडलं नाही.

त्याच्या बुडण्याची तारीख ठरली आणि चार दिवस आधी तो गोदामात ट्रकच्या फळीवरून घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी बजावलं की याला पाणी लागलं तर परत पहिल्यापासून. पण फायबरची टाकी टेम्पोतून हॉलवर चढवून झाली होती, टँकरचं पाणी भरून झालं होतं, बटाटेवड्यांची ऑर्डर गेली होती. पास्टर म्हणाले, देव मार्ग काढेल. मार्ग मीच काढला. मिठाईच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी प्लास्टरवर चढवली आणि वरून रबरबँड लावले.

मी टाकीच्या कडेला स्तुतीला कडेवर घेऊन उभी होते. स्तुती आमची मुलगी, तेव्हा नुकतीच मान धरायला लागलेली. पास्टरनी हितेंद्रला विचारलं, विश्वास आहे का. तो म्हणाला, आहे. इतक्या ठाम आवाजात त्याने आमच्या लग्नातही हो म्हटलं नव्हतं. मग तो मागे झुकला, डोकं गेलं, छाती गेली, गुडघे गेले, आणि पाण्यावर फक्त ती मिठाईची पिशवी उरली, स्टॉपवर बस थांबवायला हात दाखवावा तशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्तुतीच्या हातांनीही वाजवल्या.

वडे खाताना कमलाबाईंनी तोंड उघडलं. कमलाबाई त्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "पास्टर, हात राहिला की."

हॉलमध्ये चटणीचे चमचे थांबले. कारण पास्टरच दर रविवारी सांगायचे की देवाला अर्धवट माणूस चालत नाही, केसाचं टोकही वर राहता कामा नये. मागच्या खेपेला एका बाईची वेणी वर तरंगली म्हणून त्यांनी तिला जागच्या जागी परत बुडवलं होतं. ती बाई तिथेच बसली होती आणि तिचं लक्ष पास्टरकडे होतं.

"प्लास्टर निघालं की हात बुडवू," पास्टर म्हणाले.

"नुसता हात?" वेणीवाल्या बाईने विचारलं.

पास्टर विचारात पडले. तसे ते प्रामाणिक आहेत, हे मी मान्य केलं पाहिजे. हातातला वडा खाली ठेवून ते म्हणाले की नुसता हात बुडवता येणार नाही, कारण हाताला विश्वासाची कबुली देता येत नाही. आणि अख्खा हितेंद्र परत बुडवावा तर तो दुसरा बाप्तिस्मा होईल, आणि बाप्तिस्मा एकदाच होतो.

"मग हात आता कुठे आहे?" मी विचारलं.

"सिस्टर, हात सध्या बाहेर आहे," पास्टर म्हणाले. "मी वरिष्ठांना विचारतो."

वरिष्ठ कोण आणि कुठे ते मला अजून कळलेलं नाही. उत्तर आलं नाही. तोवर हितेंद्रने प्रभुभोजनाची भाकर डाव्या हाताने घ्यायची असं ठरलं. प्रार्थनेला सगळे दोन्ही हात वर करायचे, हा डावाच करायचा आणि उजवा खिशात ठेवायचा. गाण्याच्या वेळी टाळी वाजवायची तर डावा हात मांडीवर आपटायचा. कीबोर्डवाल्याच्या गाण्यांच्या वहीची पानंही डाव्या हाताने उलटायची, ती एकदम चार-चार उलटायची आणि कीबोर्डवाला वैतागायचा.

प्लास्टर निघालं आणि आठवड्याभरात मी त्याला इमारतीखालच्या पानवाल्याकडे पकडलं. उजव्या हातात सिगारेट. माझ्याकडे बघून तो जराही दचकला नाही.

"ही मी ओढत नाहीये," तो म्हणाला. "हाताचं अजून झालेलं नाही."

"हाताचं नाही झालं. पण तोंड तर बुडालं होतं ना?"

त्याने खरंच विचार केला. मग सिगारेट खाली टाकली, चपलेने विझवली आणि माझ्यामागून लिफ्टमध्ये आला. माझा नवरा ढोंगी असता तर माझं आयुष्य किती सोपं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

मीही मग त्या हाताला सोडलं नाही. बाहेरचा आहे ना, मग बाहेरच्या माणसासारखं काम कर म्हटलं. कणीक मळ, भांडी घास, स्तुतीचे लंगोट धू. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या घरी त्या हाताने पोळी लाटली. पोळी कशीही झाली तरी हात तक्रार करत नव्हता, तक्रार बाकीचा हितेंद्र करायचा.

हे सगळं मी हसत सांगते, पण घरात त्यावेळी हसू नव्हतं. कारण आजोबा.

कुशाबा आजोबांची आठवण गेल्या वर्षापासून चाळणी झाली आहे. मला कधी नर्स समजतात, कधी सूनबाई, म्हणजे माझी सासू, जिला मी पाहिलंही नाही. हितेंद्रला बऱ्याचदा ओळखत नाहीत. हा पाहुणा कोण आलाय म्हणतात. पण स्तुती जन्मल्यापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती. रोज सकाळी ते अंघोळ करून, चर्चचा काळा लोकरी कोट घालून, बुटाच्या नाड्या बांधून दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. मे महिन्यातसुद्धा. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "चला, आवरा. बाळाचा बाप्तिस्मा आहे. पाळकसाहेब वाट बघत बसतील."

"आज नाही, आजोबा."

"आज नाही? मग कधी?"

"ठरायचंय."

मग ते कोट काढायचे. स्वतःच हँगरला लावायचे, बाह्या नीट करायचे, आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "चुकलं माझं." रोज. त्यांचं काहीही चुकलेलं नसताना. मला ते बघवत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आज जे आठवतंय ते पावसाळ्यानंतर आठवेलच असं नाही. हितूला त्यांनी कुंडापाशी नेलं होतं, आता हितूने आपल्या मुलीला नेलेलं त्यांना बघायचं होतं. एवढी एकच इच्छा उरली होती, आणि तीही रोज सकाळी आम्ही त्यांना कोटाबरोबर काढून ठेवायला लावत होतो.

"एकदा घेऊन जाऊ या तिला," मी हितेंद्रला म्हणायचे. "तुझ्या विश्वासाला काय होतंय? चार थेंब पाणी."

"तिला कुणी विचारलंय?"

"तिला अजून बसता येत नाही. लस देताना विचारलं होतं का? नाव ठेवताना विचारलं?"

"लस वेगळी. हा शब्द देणं आहे." तो त्या वेळी भांडी घासत होता, अर्थात उजव्या हाताने. "मला आयुष्यात कुणी काही विचारलंच नाही, मेघना. शाळा, नोकरी, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. तुझ्या स्थळाचंसुद्धा आजोबांना विचारलं, मला नाही."

"मग नाही म्हणायचंस."

"हो म्हणायचं होतं मला. पण विचारायला हवं होतं. त्या टाकीत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तुझा विश्वास आहे का. तेव्हाचं हो माझं होतं. आता तिचं हो मी कसं वापरून टाकू?"

मी आवाज चढवला. म्हटलं, तुझा देव काय रेशन दुकानदार आहे का, की ज्याचं कार्ड त्यानेच यायचं? बायबलातल्या तुरुंगाच्या त्या अधिकाऱ्याने अख्ख्या घरादारासह बाप्तिस्मा घेतला असं तुझेच पास्टर वाचतात, त्या घरात काय एकही तान्हं मूल नव्हतं? तो म्हणाला, मूल होतं असं कुठे लिहिलंय? मी म्हटलं, नव्हतं असं कुठे लिहिलंय? यावर मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्यं घालवली आहेत. आम्ही कुकरच्या तीन शिट्ट्यांत संपवायला निघालो होतो. शेवटी तो म्हणाला, "मी नेऊ शकत नाही. मी आता त्या चर्चमध्ये नाही."

आणि तेव्हा माझी नजर फेसाने भरलेल्या त्याच्या हातावर गेली.

"तू नाहीस," मी म्हटलं. "पण हा कुठे गेला होता?"

दुसऱ्या दिवशी लॅबमधून सुटल्यावर मी थेट पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब शामराव म्हणजे नियमांचा माणूस. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याला काय काय लागतं ते त्यांनी मला पुन्हा ऐकवलं: आईबाप मंडळीत असले पाहिजेत, दृढीकरण झालेली, म्हणजे मोठेपणी चर्चसमोर विश्वास कबूल केलेली धर्ममाता पाहिजे, आणि मूल बापाने कुंडापाशी आणलं पाहिजे. हितेंद्रने दुसरीकडे बाप्तिस्मा घेतला, म्हणजे इथला नाकारला, म्हणजे तो बाहेर. बाप जिवंत असून आणत नसेल तर त्यांना पाणी टाकता येणार नाही.

"साहेब, हितूच्या डोक्यावर तुम्ही पाणी टाकलंत ते कुठपर्यंत पोचलं?"

"मी नाही, माझ्या आधीच्यांनी. पण पोचलं. नखशिखांत."

"म्हणजे हातापर्यंतही?"

"अर्थात."

"मग तो हात तुमचाच आहे. त्याने तिकडे काहीही घेतलेलं नाही. पास्टर स्वतः म्हणतात, तो त्यांच्याकडे नाही."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता बाहेर काढणार. पण नियमांच्या माणसाचं असं असतं की वेडेपणाही नियमात बसत असला तर त्याला तो टाळता येत नाही. त्यांनी कमिटी बोलावली.

त्या बैठकीला मी हजर होते. मृणालिनीबाई, आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कडाडून विरोधात. "आज हात येतोय, उद्या कुणी पाय घेऊन येईल," त्या म्हणाल्या. एकाने विचारलं, हात उपासनेला किती वर्षं आलेला नाही? दुसऱ्याने सांगितलं, गेल्या नाताळला घंटेचा दोर त्यानेच ओढला होता, मी पाहिलंय. मग हाताला कमिटीच्या निवडणुकीत मत देता येईल का यावर अर्धा तास गेला, कारण मत शेवटी हातच वर करून देतात. पाळकसाहेबांनी निर्णय दिला: हात मंडळीत आहे, हितेंद्र नाही. हात कुंडापर्यंत येऊ शकतो. बाकीच्याने उंबरठ्याबाहेर थांबावं.

हे जमण्यासारखं होतं, कारण आमचं कुंड बाजूच्या दाराला लागूनच आहे. दाराची एक फळी बंद ठेवायची, हितेंद्रने बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं आणि हात आत घालायचा. बापाला विचारायच्या प्रश्नांना हाताने उत्तर कसं द्यायचं यावर पुन्हा वाद झाला. अंगठा वर करावा अशी सूचना आली. मृणालिनीबाई म्हणाल्या की हे चर्च आहे, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे. शपथेसारखा तळवा वर करायचा ठरलं. मग त्याच मृणालिनीबाई म्हणाल्या की एवढं चाललंच आहे तर धर्ममाता मी होते, निदान एक तरी अख्खं माणूस असू दे.

हितेंद्रने ऐकून घेतलं. मग वडाळ्याला गेला आणि पास्टरना विचारून आला. पास्टर म्हणाले होते की लहान मुलाच्या बाप्तिस्म्यात तुझा सहभाग असता कामा नये, ब्रदर, पण हात आमच्याकडे नाही, तो काय करतो त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.

"आणि तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"मी येणार नाही," तो म्हणाला. "हात जाऊ दे." आणि आजोबांच्या खोलीकडे बघत राहिला.

त्या रविवारी सकाळी आजोबा नेहमीसारखे कोट घालून दारात बसले होते. म्हणाले, "चला, आवरा. बाळाचा बाप्तिस्मा आहे."

"हो, आजोबा," मी म्हटलं. "आवरतेच आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. चहा न पिताच उठून उभे राहिले, आणि लिफ्ट येईपर्यंत बसले नाहीत.

चर्च भरलं होतं. एरवी उपासनेला न फिरकणारेही हात बघायला आले होते. दाराची एक फळी बंद, दुसरी अर्धी उघडी. बाहेर हितेंद्र उभा होता आणि पास्टर स्वप्नीलही आले होते. त्यांनी हितेंद्रचा डावा हात घट्ट धरला होता, बाकीचा चुकून आत जाऊ नये म्हणून.

पाळकसाहेबांनी खूण केली आणि फळीआडून हात आत आला. पांढरा शर्ट, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. लोकांमध्ये कुजबुज झाली. मी स्तुतीला त्यावर निजवलं आणि रीतीप्रमाणे मागे सरले. एकट्या हाताच्या भरवशावर पोर ठेवून मागे सरताना ही सगळी युक्ती माझीच आहे याचा मला मनापासून राग आला.

आजोबा पहिल्या बाकावरून उठून कुंडापाशी आले होते. त्यांनी त्या हाताकडे बघितलं. सकाळी आमच्या घरी कोट घालताना ज्या माणसाला त्यांनी ओळखलं नव्हतं, त्याचा नुसता हात बघून ते म्हणाले, "हितू, मान सांभाळ रे. सैल नको सोडूस." आणि आपला तळवा त्या हाताखाली धरला.

दाराबाहेर कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. पास्टर असतील असं मी तेव्हा समजले.

पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला हात स्तुतीखालून काढता येईना, तेव्हा त्याने नुसती बोटं वर केली. ती चालवून घेतली गेली. मग पाळकसाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "बाळाचं नाव सांगा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

कमिटीने सगळ्याचा विचार केला होता, फक्त याचा नाही. नाव नेणाऱ्याने सांगायचं असतं, आणि नेणाऱ्याला तोंड नव्हतं. त्याचं तोंड वडाळ्याचं होतं, बुडालेलं. मी पुढे झाले तशी मृणालिनीबाईंनी मला पदर धरून मागे ओढलं; आईने सांगायचं नाही. पाळकसाहेबांच्या ओंजळीतून पाणी गळायला लागलं. त्यांनी पुन्हा विचारलं. हात ताणून राहिला होता, हळूहळू खाली यायला लागला होता. मनगट तसं नुकतंच जुळलेलं.

आजोबांना वाटलं की आपल्यालाच विचारतायत. त्यांचाही हात त्या बाळाखाली होताच. ते ताठ उभे राहिले, कोटाचं बटण चाचपलं, आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हितेंद्र."

पाळकसाहेब ओंजळ घेऊन थांबले.  नियमांचा माणूस, आजोबांचाही हात बाळाखाली आहे, नाव सांगितलं गेलंय, आता पाणी पडलं की माझी मुलगी जन्मभर हितेंद्र. आणि आजोबांना चर्चभर लोकांसमोर खोटं पाडायचं धाडस माझ्यात नव्हतं. ते इतके आनंदात होते. त्यांच्या दृष्टीने ते तेव्हा त्याच दिवशी उभे होते, हितूला घेऊन.

"स्तुती," बाहेरून आवाज आला. "आजोबा, तिचं नाव स्तुती. माझी मुलगी आहे ती."

आवाज मोठा होता, ठाम होता, टाकीत ऐकला होता तसाच. अख्ख्या चर्चने बंद फळीकडे बघितलं. पाळकसाहेबांनी मात्र तिकडे बघितलं नाही. दाराबाहेरचा आवाज कुणाचा आणि कुठल्या मंडळीचा याची चौकशी करायला त्यांच्या ओंजळीत पाणीच उरलं नव्हतं. त्यांनी कुंडात हात घालून पुन्हा भरून घेतलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावं घेतली आणि पाणी सोडलं. स्तुती ओरडली. पाणी तिच्या टाळूवरून तिच्या बापाच्या तळव्यावर आलं, बोटांमधून आजोबांच्या तळव्यावर, आणि मनगटावरून ओघळत दाराबाहेर गेलं.

आजोबांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला. बाळाचं डोकं टिपलं. मग तो हात पुसायला लागले.

"राहू दे, आजोबा," बाहेरून हितेंद्र म्हणाला. "ओला राहू दे."

नंतर व्हरांड्यात पास्टर स्वप्नील मला म्हणाले की नाव सांगितलं गेलं तेव्हा ते समोरच्या चिंचेकडे बघत होते, त्यामुळे त्यांनी काही ऐकलं नाही. मी त्यांना केक दिला. त्यांनी डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताने ते अजून हितेंद्रला धरून होते.

मला वाटलं, संपलं.

सोमवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर आजोबा कोट घालून, बुटाच्या नाड्या बांधून दाराजवळ बसलेले. "चला, आवरा. बाळाचा बाप्तिस्मा आहे."

मी कप घेऊन तशीच उभी राहिले. काल झाला, असं सांगितलं तर ते म्हणणार, मी नव्हतो का? आणि मग म्हणणार, चुकलं माझं. मी मागे वळून हितेंद्रला हाक मारणार होते. तो मोरीत दाढी करत होता. त्याने ऐकलं होतं. नळाखाली उजवा हात धरला, कोपरापर्यंत, आणि न पुसता बाहेर आला. आजोबांच्या खुर्चीपुढे खाली बसून त्याने तो हात त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आत्ताच झाला?" आजोबांनी विचारलं.

हितेंद्र खोटं बोलत नाही. त्या टाकीनंतर तर मुळीच नाही. तो म्हणाला, "बघा ना, आजोबा. हात अजून ओला आहे."

आजोबांनी तो हात दोन्ही हातांत घेऊन उलटा-पालटा करून बघितला. "ओला आहे," ते म्हणाले. "छान झालं. रडली का?"

"रडली."

"रडायला पाहिजे. तूही रडला होतास." मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तो हात बोटाबोटांमधून पुसला, उठले, कोट काढला, बाह्या नीट करून हँगरला लावला, आणि चहा मागितला. चुकलं माझं असं म्हणाले नाहीत.

बाप्तिस्मा एकदाच होतो, यावर परळच्या आणि वडाळ्याच्या दोन्ही मंडळ्यांचं एकमत आहे. वडाळ्याच्या वरिष्ठांचं उत्तर अजून आलेलं नाही आणि आम्हीही आता विचारत नाही. रोज सकाळी दाढी झाली की हितेंद्र नळाखाली हात धरतो, मी चहा गाळते आणि स्तुती आजोबांच्या बुटाच्या नाड्या सोडवायला रांगत जाते.